तार गेली, खाते राहिले

दौलताबादहून वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक कृषी सेवा केंद्र आहे असे समजा. लँडलाइन वडिलांच्या नावावर, ते आता हयात नाहीत. जीएसटी नोंदणी मुलाच्या फर्मची. एके दुपारी फायबरवाला येतो, भिंतीवर डबा बसवतो, जुनाच नंबर त्यावर चालू करून देतो. मुलाला वाटते, काम झाले. बिलिंगच्या संगणकात मात्र तांब्याच्या तारेचे खाते अजून जिवंत असते.

जोडणी बदलणे हे लाइनमनचे काम, खाते बंद करणे कार्यालयाचे. अर्ज जुन्या जोडणीच्या रूपांतराचा भरला की नव्या जोडणीचा, यावर पुढचे बरेच ठरते. नवी जोडणी असेल, तर जुना फोन वेगळा अर्ज देऊन सरेंडर करावा लागतो. तो अर्ज कुणी दिलाच नाही, तर जुने मासिक भाडे चालू राहते. रक्कम छोटी असते, बँकेतून परस्पर कापली जाते, आणि वर्षभर कुणाचे लक्ष जात नाही. मला यात दुकानदाराचा दोष कमी दिसतो. डबा बसवायला येणाऱ्याने हे सांगायला हवे.

नावाचा घोळ याहून महाग पडतो. टेलिफोनच्या बिलावर १८ टक्के जीएसटी असतो. बिल वडिलांच्या नावाने निघत राहिले आणि त्यावर फर्मचा जीएसटी क्रमांक नसला, तर त्या कराचे क्रेडिट फर्मला मिळत नाही. चुकून जास्त आकारलेल्या रकमेसाठी कंपनीकडून क्रेडिट नोट घ्यावी लागते, आणि कर कमी करून घेण्याची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच आहे. मार्चमधली चूक पुढच्या दिवाळीनंतर लक्षात आली, तर हाती फारसे काही उरत नाही. फोनची अनामतही वडिलांच्याच नावावर अडकलेली. ती सोडवायला वारसाची कागदपत्रे लागतात.

नियम दुकानदाराच्या बाजूचे आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या, दूरसंचार नियामक ट्रायच्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार बिलाची तक्रार चार आठवड्यांत सुटली पाहिजे, त्यानंतर आठवड्याभरात वजावट मिळाली पाहिजे, आणि सेवा बंद केल्यावर अनामत ४५ दिवसांत परत आली पाहिजे. पण यातली पहिली दोन घड्याळे तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय सुरू होत नाहीत. फायबरवाल्याला व्हॉट्सअॅपवर पाठवलेला निरोप म्हणजे तक्रार नव्हे. उत्तर पटले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे तीस दिवसांत विनाशुल्क दाद मागता येते. ट्राय स्वतः एकट्यादुकट्याची तक्रार सोडवत नाही. रागाने बिल भरणेच थांबवले, तर चालू जोडणीही तुटण्याची भीती. वादातली रक्कम लेखी कळवून उरलेली भरणे बरे.

ग्राहक मंचाचा रस्ता २००९ च्या एका निकालाने जवळपास बंद केला होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तो पुन्हा मोकळा केला, पण घरगुती ग्राहकाइतका दुकानदारासाठी नाही. २०१९ च्या कायद्यात व्यापारी हेतूने सेवा घेणारा ग्राहकाच्या व्याख्येत बसत नाही, आणि कंपनीचा वकील पहिला आक्षेप तिथेच घेऊ शकतो. त्यामुळे पहिल्याच चुकीच्या बिलाला घेतलेला तक्रार क्रमांक, सरेंडर अर्जाची शिक्का मारलेली प्रत आणि जुना मॉडेम परत केल्याची पावती हीच दुकानदाराच्या हातातली खरी ताकद. डबा बसवून माणूस निघून जाण्याआधी यातल्या शेवटच्या दोन गोष्टींबद्दल त्याला विचारता येते.