हमी बँकेला, हप्ता कष्टकऱ्याला

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात मॅकडोवेल नावाची डोंगराळ काउंटी आहे. 1950 साली तेथे सुमारे 99 हजार माणसे राहत होती. 2020 च्या जनगणनेत ती जेमतेम 19 हजार उरली. कोळशाच्या भरभराटीच्या काळात तेथील असंख्य खाणकामगारांची घरे कंपनीच्या मालकीची असत. संप केला की काम जाई आणि त्यासोबत डोक्यावरचे छप्परही जाई. शेजारच्या काउंटीतील मेटवान येथे 19 मे 1920 रोजी मालकांच्या भाडोत्री हस्तकांनी संपकऱ्यांची बिऱ्हाडे रस्त्यावर फेकली आणि त्याच दिवशी तेथे रक्त सांडले. कामगारांच्या बाजूने उभा राहिलेला तेथील पोलीस प्रमुख सिड हॅटफील्ड याची पुढच्या वर्षी मॅकडोवेलच्या न्यायालयाच्या पायऱ्यांवर हत्या झाली. घर कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न त्या डोंगरांत नुसता कागदपत्रांचा नव्हता.

आज त्याच ग्रामीण अमेरिकेला सरकार सांगते की आता प्रत्येकाने आपल्या घराचा मालक व्हावे. पदरी एक डॉलर नसला तरी चालेल, कारण कर्जामागे सरकार उभे आहे. ऐकावयास हे किती गोड! परंतु सरकार नेमके कोणामागे उभे आहे, हे पाहिले म्हणजे या औदार्याचे खरे रूप उघडे पडते.

1949 च्या गृहनिर्माण कायद्याने अमेरिकेच्या कृषी खात्याला ग्रामीण कुटुंबांस थेट कर्ज देण्याचा अधिकार दिला. ही योजना आरंभी शेतकऱ्यांपुरती होती. 1961 साली ती इतर ग्रामीण जनतेसही खुली झाली. तीत धनको स्वतः सरकार असते आणि अत्यल्प उत्पन्नाच्या कुटुंबासाठी व्याजाचा भार 1 टक्क्यापर्यंत खाली आणता येतो. मात्र 1990 च्या कायद्याने दुसरा मार्ग काढला. कर्ज खाजगी बँकेने द्यावे, व्याज तिने घ्यावे आणि कर्ज बुडाले तर मूळ रकमेच्या 90 टक्क्यांपर्यंतची हमी सरकारने द्यावी. या दोन मार्गांपैकी राज्यकर्त्यांना प्रिय कोणता? 2024 च्या अर्थसंकल्पात हमीच्या कर्जांना 2,500 कोटी डॉलरची मर्यादा मिळाली, तर थेट कर्जांना अवघे 88 कोटी!

या व्यवस्थेचे समर्थक म्हणतात, हमीमुळे सरकारी तिजोरीवर फारसा बोजा पडत नाही. खरे आहे. पण तो बोजा पडतो कोणावर? हमीचे शुल्क म्हणून कर्जाच्या 1 टक्का रक्कम आरंभी आणि पुढे दरवर्षी शिल्लक कर्जाच्या 0.35 टक्के रक्कम आकारली जाते, आणि बँका ती कर्जदाराकडूनच वसूल करतात. म्हणजे बँकेचे नुकसान होऊ नये म्हणून विमा काढावयाचा आणि त्याचा हप्ता भरावयाचा ऋणकोने! एवढ्यावर हे थांबत नाही. घराचा लिलाव होऊनही तूट राहिली आणि ती सरकारने बँकेला भरून दिली, तर ती रक्कम त्या कुटुंबाच्या नावावर सरकारी देणे म्हणून चढू शकते, आणि त्यास परत मिळावयाच्या करातूनही कापून घेता येते. बँक सुटते, कुटुंब अडकते, आणि काल जामीन म्हणून मिरवणारे सरकार आज वसुलीचा कारकून होते.

शिवाय ज्या गावातून रोजगारच निघून गेला, तेथे हमी काय करणार? कर्ज फिटते ते मजुरीतून. खाण बंद पडली की मजुरी आटते, माणसे गाव सोडतात, घरांच्या किमती कोसळतात. आणि पूर्ण रकमेचे कर्ज काढून घेतलेल्या घराचे मोल कर्जाहून कमी होते. मग त्या माणसाला घर विकताही येत नाही आणि काम शोधावयास गाव सोडताही येत नाही. पूर्वी कंपनी बाहेर काढी; आता हप्ता बांधून ठेवतो.

हे दूरदेशीचे गाऱ्हाणे समजून आपण स्वस्थ बसू नये. आपल्याकडे प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण बेघर कुटुंबाला सपाट प्रदेशात घरासाठी 1 लाख 20 हजार रुपये अनुदान ठरले. त्याच योजनेच्या शहरी शाखेत 2017 पासून काही वर्षे, वार्षिक 18 लाख रुपये मिळविणाऱ्याला बँकेच्या कर्जावर सुमारे 2 लाख 30 हजार रुपयांपर्यंत व्याजसवलत मिळत होती. ज्याची पत मोठी त्याला ओंजळभर, ज्याला छप्परच नाही त्याला चिमूटभर! सरकारी मदत बँकेच्या दारातून वाटली की ती 'आहे रे' वर्गाकडे वळते, हा नियम वॉशिंग्टनला लागू आहे तसा दिल्लीलाही.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. सार्वजनिक पैसा सार्वजनिक गृहनिर्माणातच जावा. गरिबाला कर्ज द्यावयाचे तर ते सरकारने थेट, नाममात्र व्याजाने द्यावे. आणि घराच्या योजनेआधी गावात कामाची शाश्वती द्यावी. हमी हवीच असेल, तर ती कष्टकऱ्याच्या रोजगाराला हवी. सावकाराच्या नफ्याला हमी देणाऱ्या राज्याने स्वतःस कल्याणकारी म्हणवून घेऊ नये.