नव्या शहरातील जुने अद्‌भुत

चाळीत आणि फ्लॅटमध्येही अद्‌भुत अवतरू शकते, हे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी कथेत सिद्ध केले. मात्र ही वाट मुंबई-पुण्याबाहेर किती गेली, हा प्रश्नच आहे.

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर पाहा. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात आले; सीमेवरचा हा मराठी मुलूख मात्र मागे राहिला. २०२३ साली त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तेथे जाम नदीच्या पात्रात पळस रोवतात आणि पांढुर्णा व सावरगाव यांच्यात गोटमार होते. मुळाशी दंतकथा आहे ती पळून निघालेल्या प्रेमिकांची. माणसे दगावली, तरी प्रथा सुटली नाही.

ते प्रेमिक आज जिल्हा कचेरीच्या दारी उभे राहिले, तर दगड कोणाच्या हाती दिसतील? असा प्रश्न विचारणारी कथा परदेशी चेटकिणी उसन्या आणून लिहिता येणार नाही. देवचार-राखणदारांना ओळखणाऱ्या गोमंतकीयांस हे सांगावयास नको. घरी मराठी व शाळेत हिंदी असलेल्या तेथील तरुणांनी ती मराठीतच लिहावी आणि आमच्या दिवाळी अंकांनी तिला अगत्याने पाने द्यावीत.