बँजो गोऱ्यांचा, मग बेंजो कुणाचा?



परवा आमच्या कॅम्प १ मध्ये जयंतीच्या वर्गणीची बैठक झाली. बेंजो पार्टीचं नाव निघताच एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "बेंजो आता कोण ऐकतं? डीजे सांगा." हाच पोरगा मोबाईलवर अमेरिकन कंट्री रॉक ऐकतो. जुन्या धाटणीच्या टोप्या घालून बँजो वाजवणारे बँड त्याला 'क्लासी' वाटतात. त्याची आवड मला खुपत नाही. ते गोऱ्यांचं वाद्य आहे असं तो धरून चालतो, ते खुपतं.

बँजो घडवला तो आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी आणि त्यांच्या लेकरांनी, भोपळ्यावर कातडं ताणून. १८४० च्या दशकात गोरे कलावंत तोंडाला काळं फासून, काळ्यांची टिंगल करत तोच बँजो रंगमंचावर वाजवू लागले. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी बाजारच वाटून टाकला. काळ्यांचं ते 'रेस रेकॉर्ड', गोऱ्यांचं ते 'हिलबिली'. हे हिलबिली म्हणजेच पुढचं कंट्री. ब्लूग्रासचा जनक म्हणून बिल मन्रोचं नाव घेतात. अर्नॉल्ड शुल्ट्झ या काळ्या वादकाचं ऋण खुद्द मन्रोने मान्य केलं होतं, पण शुल्ट्झ किती जणांना माहीत आहे? आपल्याला हे नवं नाही. हलगी वाजवणारा गावकुसाबाहेर आणि हलगी मात्र 'लोककला महोत्सवा'त!

२००५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या बून गावी काळ्या बँजोवादकांचा मेळावा भरला. तिथून रिॲनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन एकत्र आले. जो थॉम्पसन या ऐंशी पार केलेल्या काळ्या फिडलवादकाच्या घरी जाऊन, त्यांच्यासोबत वाजवत ते शिकले. त्यांचा 'कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स' हा बँडही जुन्या धाटणीचाच, पण त्यांचं जुनेपण नुसत्या टोपीत नव्हतं. त्यांनी आपला सातबारा परत मागितला. २०११ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळाला. २०२४ मध्ये बियॉन्सेच्या कंट्री गाण्यात बँजो वाजला तो गिडन्सचाच.

आता आपला बेंजो. तो तिकडच्या बँजोच्या नात्यातला नाही, नाव तेवढं सारखं. हा जपानी तैशोगोतोच्या घराण्यातला, टाईपरायटरसारखी बटणं असलेला. पण भीमगीतांच्या चाली त्याच्या तारांवरून आपल्या गल्ल्यांत घुमल्या आहेत. काही जण म्हणतील, हे वादक गणपतीतही वाजवतात. वाजवतात, कारण १४ एप्रिलच्या एका सुपारीवर वर्षभर चूल पेटत नाही. त्यांना वैचारिक शुद्धतेची परीक्षा घालण्याआधी आपण त्यांना किती दिवस काम दिलं ते मोजा. शिवाय डीजेवाल्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही, ही गंमत आहेच.

पुढच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडणार आहे. मिरवणुकीत बेंजो पार्टी हवी. आणि डीजेच्या बजेटमधून थोडे पैसे काढून वस्तीतल्या जुन्या वादकांच्या चाली नावागावासह रेकॉर्ड करायच्या. रेकॉर्डिंगचं काम त्याच पोराला द्यावं म्हणते. कान त्याचा चांगला आहे.