टाकी आणि रेल यांच्यामधली बेवारस नळी

जुन्या गाडीत नव्या पिढीचे इंजिन बसवल्यानंतर उद्भवणाऱ्या तक्रारींची जी पत्रे गेल्या काही महिन्यांत या मासिकाकडे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख इंजिनावर, वायरिंगवर किंवा ईसीयूवर, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकीय घटकावर आहे. पत्रांत वर्णिलेली लक्षणे मात्र वेगळेच सांगतात. उभ्या गाडीभोवती पेट्रोलचा वास येणे, टाकी पाव भरलेली असताना घाटाच्या वळणावर इंजिन गुदमरणे, उन्हात उभी राहिलेली गाडी पुन्हा सुरू होण्यास वेळ लागणे आणि आयडलला मिश्रण विनाकारण दाट होणे, ही चारही लक्षणे प्रथम टाकी आणि इंजेक्टर रेल यांच्या मधल्या भागाकडे बोट दाखवतात. हा भाग कोणाचाच नसतो. इंजिन विकणाऱ्याचा हिशेब रेलपाशी संपतो, टाकीला झाळ मारणाऱ्याचा टाकीपाशी संपतो, आणि मधली नळी गॅरेजमधील ज्या मुलाच्या हाती त्या दिवशी होज क्लिप असेल त्याच्या वाट्याला येते.

या नळीचे कामच इंजिनाबरोबर बदलते, ही गोष्ट व्यवसायात पुरेशी मुरलेली दिसत नाही. कार्ब्युरेटरच्या बहुतेक गाड्यांत यांत्रिक पंप इंजिनावर बसवलेला असून कॅमशाफ्टवरील लोब त्याचा पडदा खालीवर करतो. त्यामुळे टाकीपासून पंपापर्यंतच्या लांब नळीत पेट्रोल ओढले जाते, म्हणजे तिथला दाब वातावरणापेक्षा किंचित कमीच असतो, आणि पंपानंतरच्या वीतभर नळीतही तो सुमारे ०.२ ते ०.३५ बारच्या पुढे जात नाही. अशा नळीला चीर गेली तर चालू गाडीत ती हवा आत ओढते, इंजिन अडखळते आणि मालक गाडी गॅरेजला आणतो. एमपीएफआय इंजिनाला, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या इनटेक पोर्टमध्ये स्वतंत्र इंजेक्टर असलेल्या इंजिनाला, साधारण ३ ते ४ बार दाब लागतो आणि तो टाकीतील किंवा टाकीजवळील विजेचा पंप पुरवतो. परिणामी तीच लांब नळी, तिच्या सर्व सांध्यांसह, या पूर्ण दाबाखाली येते. आता चीर गेली तर पेट्रोल फवाऱ्यासारखे बाहेर पडते, आणि बहुधा ते सायलेन्सरच्या पाइपाजवळच पडते. मूळची पोलादी नळी गंजमुक्त असेल तर ती हा दाब सहज पेलते. पेलत नाहीत ते सांधे.

सांध्यांविषयी जे वाचायला मिळते ते चिंताजनक आहे. नव्या इंजिनाच्या रेलवर क्विक कनेक्टर, म्हणजे आतल्या ओ-रिंगवर बंद होणारा आणि खटका दाबून सुटणारा प्लास्टिकचा सांधा, येतो; त्याचे नर टोक साधारणपणे ७.८९ किंवा ९.४९ मिलिमीटर व्यासाचे असते. या टोकाचा गुळगुळीत पृष्ठभाग आणि त्यावरचा कंगोरा ओ-रिंगसाठी घडवलेले असतात, रबरी नळी चढवून वर क्लिप आवळण्यासाठी नव्हे, तरीही कनेक्टर कापून टाकून नेमके तेच करण्याची पद्धत सर्रास आहे. योग्य मार्ग अवघड नाही: त्याच मापाचा मादी कनेक्टर आणि मागील बाजूस काटेरी टोक असलेला अडॅप्टर मिळतो, तो वापरावा. पोलादी नळी कापून तिच्यावर रबर चढवायचे असेल, तर कापलेल्या टोकाला आधी कंगोरा काढावा, कारण सरळ टोकावरची नळी ३ बारला हळूहळू सरकते आणि एके दिवशी निसटते. फ्लेअर, म्हणजे नळीचे शंकूसारखे पसरवलेले तोंड, काढताना ३७ अंशांच्या जेआयसी नटात ४५ अंशांचा फ्लेअर बसवला जातो. दोन्हींचे आटे काही मापांत सारखे असल्याने नट बिनतक्रार फिरतो, परंतु शंकूची बैठक केवळ एका रेषेवर टेकते आणि जोर लावून आवळले की फ्लेअर चिरतो. अशा सांध्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळणे म्हणजे चुकीवर पांघरूण घालणे होय, शिवाय टेपचे तुकडे इंजेक्टरच्या जाळीपर्यंत पोहोचतात.

रबरी नळीच्या बाबतीत तर सुट्या भागांच्या दुकानात ‘पेट्रोल पाइप’ एवढे एकच नाव चालते. एसएई जे३० या मानकातील आर७ वर्गाची नळी कार्ब्युरेटरच्या कमी दाबासाठी, आर९ वर्गाची इंजेक्शनच्या दाबासाठी, तर आर१० वर्गाची टाकीच्या आत बुडून राहण्यासाठी असते; आर९ नळी टाकीत बुडवली तर तिचे बाहेरचे आवरण पेट्रोलसाठी बनवलेलेच नसल्यामुळे ते फुगते आणि विरघळू लागते. ज्या नळीवर यांपैकी काहीही छापलेले नाही, ती इंजेक्शनच्या गाडीसाठी विकतच घेऊ नये. फेब्रुवारी २०२३ पासून देशात ई२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, विक्रीस आले आणि हा प्रश्न अधिक तीव्र झाला. इथेनॉल जुन्या रबराला आणि कॉर्कच्या गॅस्केटला मऊ करते, पाणी शोषते आणि टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गाळ सैल करून पुढे ढकलते. म्हणून जुनी टाकी आतून साफ न करता नवा पंप बसवणे म्हणजे त्या पंपाचे आयुष्य आधीच संपवणे. पंप टाकीबाहेर बसवला असल्यास तो टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा त्याहून खाली असावा, कारण हे पंप चांगले ढकलतात पण वाईट ओढतात; त्याच्या आधी सुमारे १०० मायक्रॉनची जाळी आणि नंतर सुमारे १० मायक्रॉनचा फिल्टर हवा.

परतीच्या नळीकडे तर सर्वांचेच दुर्लक्ष होते. रेलवर प्रेशर रेग्युलेटर असलेल्या व्यवस्थेत पंप ताशी ८० ते १२० लिटर पेट्रोल पाठवत असतो आणि आयडलला इंजिन जेमतेम ताशी एखादा लिटर वापरते. उरलेले सगळे टाकीत परत गेले पाहिजे. जुन्या टाकीला परतीची नळी नसते, किंवा असली तर ती बाष्प नेण्यापुरती बारीक असते. बारीक नळीत उलट दाब साठतो, रेग्युलेटर पूर्ण उघडूनही रेलचा दाब उतरत नाही आणि मिश्रण दाट होते. पत्रांतून ‘ईसीयू खराब’ म्हणून कळवलेल्या तक्रारींत या शक्यतेचा विचार कोणी केलेला दिसत नाही. परतीची नळी पुरवठ्याच्या नळीएवढ्या व्यासाची असावी, अथवा टाकीजवळच रेग्युलेटर असलेली, एकच नळी रेलपर्यंत नेणारी व्यवस्था स्वीकारावी. मात्र तीत दाब त्या इंजिनाला लागणाराच असावा. घाटातल्या गुदमरण्याचे कारणही टाकीतच आहे: जुन्या टाकीत पेट्रोलची हेलकाव्यांची धाव अडवणारे पडदे पुरेसे नसतात, वळणावर पंपाचे तोंड उघडे पडते आणि कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाउलमध्ये जो साठा क्षणभर तगवत असे, तो आता नसतो. पडदे किंवा लहानशी सर्ज टाकी हाच त्यावर इलाज आहे. डिझेलच्या कॉमन रेल इंजिनात हजार बारपलीकडील दाबाच्या नळ्या इंजिनाबरोबरच येतात, त्यांना हात लावू नये. परतीचे गरम डिझेल फिल्टरच्या तोंडाशी न जोडता टाकीत सोडावे, एवढे इथे पुरे.

आता सरकारी बाजू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद किती कडक आहे ते स्पष्ट केले; त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अवैध फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी हवी असेल, तर इंजिनातही मोठा फेरबदल झालेला चालत नाही. कायद्याचा हेतू सुरक्षिततेचा आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु प्रत्यक्ष तपासणी काय होते? इंजिन आणि चेसिस क्रमांकांचा पेन्सिलचा ठसा कागदावर नीट उमटला की नाही हे डोळे ताणून पाहिले जाते, आकडा पुसट असेल तर गाडी परत पाठवली जाते, आणि त्याच बॉनेटखाली ३ बार दाबाची नळी साध्या क्लिपवर लोंबकळत असली तरी तिच्यासाठी अर्जात रकाना नसल्याने ती कोणाला दिसत नाही. सीएनजीच्या गाडीला मान्यताप्राप्त किट, अधिकृत फिटर आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची दाबचाचणी लागते. पेट्रोलच्या दाबाच्या नळीला मात्र काहीही लागत नाही, जणू पेट्रोल पेटतच नाही. क्रमांक जुळला म्हणजे गाडी सुरक्षित, हा निष्कर्ष कोणत्या अभियांत्रिकीतून निघाला, ते परिवहन विभागाने एकदा सांगावे.

तथापि अधिकाऱ्यांना दोष देऊन गॅरेजचालकांची सुटका होत नाही. पंपाला थेट इग्निशनच्या वायरवरून वीज देणारे फिटर याच व्यवसायातले आहेत. ईसीयूमार्फत रिले जोडला तर किल्ली फिरवल्यावर पंप दोन-तीन सेकंद चालून थांबतो आणि इंजिन फिरत असेपर्यंतच चालू राहतो, पण थेट जोडणीत अपघातानंतरही, तुटलेल्या नळीतून, पंप टाकी रिकामी करत राहतो. हे ठाऊक नसलेला फिटर विरळा. आळस मात्र विरळा नाही.

म्हणून या अंकापासून सर्व वर्गणीदार गॅरेजांना आवाहन आहे की, इंजिन बदललेली एकही गाडी दाबचाचणीशिवाय मालकाच्या ताब्यात देऊ नये. बॅटरीजवळ अग्निशामक ठेवावा, रेलवर गेज लावावा, रिले जोडून पंप चालवावा आणि दाब स्थिर असताना प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवावा. नंतर पंप बंद करून गेज किमान दहा मिनिटे पाहावा आणि काटा झपाट्याने पडल्यास पुरवठ्याची व परतीची नळी आळीपाळीने बंद करून दोष पंपाच्या झडपेत, रेग्युलेटरमध्ये की इंजेक्टरमध्ये आहे ते शोधावे. टाकीत कंप्रेसरची हवा भरून गळती शोधण्याचा प्रकार मात्र तत्काळ बंद व्हावा, कारण टाकी दाबासाठी बनलेली नसते आणि आतले बाष्प व हवा यांचे मिश्रण स्फोटक असते. गेजवरील आकडा, नळीवर छापलेला वर्ग आणि तारीख बिलाच्या मागील बाजूस लिहून फिटरने सही करावी, आणि त्याची एक प्रत गॅरेजच्या दप्तरी राहावी.