रंगीत खडू आणि एडिटरची थीम

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे महिनाभर लिखाण बंद होतं. परत बसलो तर नांदेडहून सुट्टीला आलेल्या नातवाने माझ्या एडिटरला काळी थीम लावून ठेवलेली. "आबा, बघा डोळ्याला कसं गार वाटतंय." गार वाटलं खरं, पण काळ्यावरच्या निळ्या अक्षरांत मला अनुस्वारच दिसेना! एका टिंबाने 'चिता'ची 'चिंता' होते आपल्याकडे, आणि मी पडलो भाषेचा मास्तर.

म्हटलं, रंग आपणच बदलू. नोटपॅड++ मधली 'स्टाइल कॉन्फिगरेटर'ची खिडकी उघडली आणि घाम फुटला. आधी भाषा निवडा, मग त्या भाषेतला टॅग, कॉमेंट, अंक, एकेकाला अक्षराचा रंग वेगळा, मागचा वेगळा. नातवाच्या व्हीएस कोडमध्ये तर शेकड्यांनी नावं, आणि प्रत्येकापुढे सहा अंकाक्षरांचा रंगाचा संकेत. चार ओळी खरडणाऱ्या माणसाने हे कधी करायचं?

माझं म्हणणं साधं आहे. माणसाने तीन-चार रंग निवडावेत, बाकीचे एडिटरने त्यांतून काढावेत. हे अशक्य नाही. ईथन शूनोव्हर यांनी २०११ साली 'सोलराइज्ड' ही रंगसंगती दिली, तिच्यात उजेडाची आणि अंधाराची अशा दोन्ही थीम अवघ्या १६ रंगांत बसवल्या आहेत. क्रिस केम्पसन यांच्या 'बेस१६' मध्येही १६ रंग एकदा ठरवले की त्यांवरून निरनिराळ्या एडिटरांच्या थीम तयार करता येतात. मला १६ सुद्धा जास्तच वाटतात, पण असो.

नुसते रंग कमी करूनही भागणार नाही. लातूरला शिकवत होतो तेव्हा हौसेने निळा खडू वापरला की मागच्या बाकावरून ओरड यायची, "गुरुजी, दिसंना!" त्याचं गणित मला आत्ता कळलं. उजळपणा मोजायच्या सूत्रात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, तांबड्याचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. वेबसाइट सर्वांना वाचता यावी म्हणून जे नियम आहेत, त्यांत नेहमीच्या आकाराच्या अक्षराला किमान ४.५ पट फरक लागतो. काळ्यावर शुद्ध निळा अडीच पटही भरत नाही, पिवळा मात्र १९च्या वर जातो. म्हणजे नापास कोण हे यंत्राला आधीच ठाऊक! मग रंग निवडतानाच त्याने तसं सांगायला नको का? आणि नमुन्याला इंग्रजी प्रोग्रॅमसोबत एखादी मराठी ओळही दाखवावी, वेलांटी-अनुस्वार असलेली.

नातवाला हे सारं फोनवर ऐकवलं. म्हणाला, "आबा, तुमच्यासाठी प्लगइन लिहू का?" मी म्हटलं, आधी परीक्षा दे.

तूर्त त्याच खिडकीतल्या 'ग्लोबल ओव्हरराइड'ने काम भागवलंय. मागे जुन्या वहीसारखा पिवळट रंग, त्यावर काळी अक्षरं. टॅगचे रंग गेले ते गेले. अनुस्वार दिसतोय.