गळणारें तेल

आमच्या सदाशिव पेठेंतील वाड्याच्या चौकांत, तुळशीवृंदावनापासून चार हातांवर, फरशीला एक काळा डाग आहे. आमची जुनी चेतक स्कूटर तेथें उभी असते. दोन वर्षें तिच्या इंजिनाखालीं पत्र्याचें झांकण ठेवावें, आठवड्यास तें पुसावें, गिअरच्या पेटींत थोडें तेल घालावें आणि 'म्हातारीला पडसें असायचेंच' असें म्हणून स्वस्थ बसावें, असा आमचा क्रम होता. घरांतून अनेकदां हटकणें झालें. आम्हीं तेलाच्या भावाचा आणि गॅरेजच्या मजुरीचा हिशेब मांडून दाखविला. त्या हिशेबांत काय राहून गेलें होतें, तें गेल्या श्रावणांत कळलें.

पुतण्याची मुलगी चांदणी चौकाकडून कोथरूडकडे उतरत होती. उतारावर मागचा ब्रेक लागेना. पोरीनें प्रसंगावधान राखून गिअर उतरविला, पुढचा ब्रेक जपून दाबला आणि गाडी कडेला घेतली. घरीं येऊन ती एवढेंच म्हणाली, "आजोबा, मागचं चाक थांबतच नव्हतं." मेकॅनिकनें चाक काढलें, तों आंतील ब्रेकचे पट्टे तेलानें न्हाऊन निघालेले! चाकाच्या आंसावरील ऑइल सील गेलें होतें. निम्में तेल झांकणांत पडत होतें, निम्में ब्रेकवर.

ही चेतक १९७२ सालीं आकुर्डीच्या बजाज कारखान्यांतून प्रथम बाहेर पडली. तिला नांव राणा प्रतापांच्या अश्वाचें. नंबर लावून वर्षानुवर्षें तिची वाट पाहिलेलीं कुटुंबें आमच्या वाचकांत पुष्कळ असतील. २००९ च्या अखेरीस कारखान्यानें स्कूटरी बंद करण्याचें जाहीर केलें. २०२० पासून त्याच नांवाची गाडी पुन्हां निघाली, पण ती विजेवर चालते. तेव्हां जुन्या गाडीची काळजी ज्याची त्यानेंच घेतली पाहिजे.

इंजिनांत तेल गळण्याच्या जागा दोन प्रकारच्या. धातूचे दोन भाग जेथें जुळतात, त्या संधींत कागदी गॅस्केट असतें. आपल्याकडे त्यास पॅकिंग म्हणतात. जेथें फिरता दांडा भिंतींतून बाहेर येतो, तेथें रबरी सील असतें. त्याची पातळ ओठासारखी कड एका बारीक स्प्रिंगनें दांड्यास चिकटून राहते. उष्णतेनें आणि वयानें रबर कडक होतें व ती कड तेल अडवीनाशी होते.

परंतु फरशीवर पडणारा थेंब निदान प्रामाणिक असतो. याहून घातक गळती डोळ्यांस दिसत नाहीं. या टू-स्ट्रोक इंजिनाच्या क्रँकच्या दोन्ही टोकांस एकेक सील असतें. मॅग्नेटच्या बाजूचें गेलें, तर इंजिन बाहेरील हवा ओढून घेतें. पेट्रोल आणि त्यांतील तेल यांचें प्रमाण कमी पडून तें तापतें व पिस्टन जाम होऊं शकतो. मूठ सोडली तरी इंजिन भरधाव धडधडत राहिलें, तर ही शंका घ्यावी. क्लचच्या बाजूचें सील गेलें, तर गिअरचें तेल आंत ओढलें जाऊन जळतें. मागें पांढरा धूर, पेटींतील तेल कमी, आणि खालीं एक थेंबही नाहीं!

म्हणून प्रथम इंजिन रॉकेलनें धुऊन कोरडें पुसावें, गाडी थोडी फिरवावी, मग ओल कोठून येते तें पाहावें. तेल वाहत खालीं येतें, त्यामुळें डागाची जागा ही गळतीची जागा नसते. तेल जास्त भरलें आहे काय आणि पेटीचें श्वासछिद्र तुंबलें आहे काय, हें आधीं तपासावें. कारण आंतील दाब वाढला तर नवें सीलही गळेल. जुनें पॅकिंग खरडतांना ॲल्युमिनियमवर ओरखडा उठूं देऊं नये. पॅकिंग न बदलतां वरून नुसतें सोल्युशन फांसणें म्हणजे छप्पर गळत असतां भिंतीस चुना देणें होय. नव्या सिलाच्या कडेस तेल लावून तें सरळ बसवावें, स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवावी आणि नट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळावे. दांड्यावर खांच पडली असेल, तर नुसतें सील बदलून भागत नाहीं. इंजिन पूर्ण उघडलेंच, तर क्रँकचीं दोन्ही सिलें एकदम बदलावीं. खर्च रबराचा नसून मजुरीचा असतो. तेल प्यालेले ब्रेकचे पट्टे पुसून पुन्हां बसवूं नयेत, नवेच घालावे.

आमचें सील नाना पेठेंत मिळालें; त्याची किंमत एका वेळच्या फराळाहून अधिक नव्हती. 'स्नेह' शब्दाचे तेल आणि माया असे दोन्ही अर्थ आम्हीं वर्गांत कित्येक वर्षें सांगितले. पण तेलाचा हिशेब मांडतांना दुसऱ्या स्नेहाची आम्हांस आठवण राहिली नाहीं, ही आमची चूक.

वाचकांस विनंति इतकीच, कीं आज रात्रीं आपल्या गाडीखालीं एक कोरा कागद पसरून ठेवावा, आणि सकाळीं तो घरांतील सर्वांनीं मिळून पाहावा. कागद कोरा राहिला, तरी पेटींतील तेलाची पातळी पाहण्यास विसरूं नये.