लेस भिंतीवर लावण्यापूर्वी
ब्रिटिश राजघराण्यातल्या बाळांच्या बाप्तिस्म्यासाठी १८४१ मध्ये एक रेशमी झगा शिवला गेला, वर हॉनिटनची हातविणीची लेस. पिढ्यान्‌पिढ्या तो वापरला गेला. विरत चालला तेव्हा हुबेहूब प्रतिकृती करवून घेतली आणि २००८ पासून बाळांना तीच घालतात. मूळ झगा आता जपून ठेवला आहे. फार शहाणा निर्णय!

मराठी घरांत मात्र आजीने क्रोशाने विणलेला रुमाल चौकटीत घालून, काचेला अगदी चिकटवून, ऐन उन्हाच्या भिंतीवर लागतो. हे होते प्रेमापोटीच, पण प्रकाशाने झालेली हानी भरून येत नाही. धागा पिवळा पडतो, ठिसूळ होतो. म्हणूनच संग्रहालयांत नाजूक कापडावर साधारण ५० लक्स इतकाच मंद प्रकाश ठेवतात. घरी चौकट हवीच असेल, तर लेस स्वच्छ धुतलेल्या सुती कापडावर ठिकठिकाणी बारीक टाके घालून बसवावी. मग वजन एकाच टोकावर येत नाही. काच लेसला टेकू देऊ नये. डिंक, सेलोटेप नको. लोखंडी टाचणी तर नकोच, तिचा गंज धागा खातो.

कपाटात ठेवताना घडी घालण्याऐवजी मलमलीत गुंडाळावी. खळ कधीही करू नये, तिच्या ओढीने कसर येते.

ज्यांच्याकडे असा रुमाल आहे, त्यांनी तो आजच उन्हातून हलवावा आणि विणणारीचे नाव, गाव, साल लिहिलेली चिठ्ठी सोबत ठेवावी.